सुरतेची लूट घोड्यांवर मावली कशी?

सुरतेत दवाखाना चालवणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न ठरलेला. पुड्या बांधून होईपर्यंत कोणीतरी विचारतोच, की चार-पाच दिवसांत शिवाजी महाराजांनी एवढी दौलत नेली तरी कशी? प्रश्न इतिहासापेक्षा हमालीचा आहे, म्हणून मला आवडतो.

इंग्रजांच्या तेव्हाच्या कॅलेंडरप्रमाणे बुधवार, ६ जानेवारी १६६४ रोजी महाराज बऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत उतरले आणि रविवारी निघूनही गेले. सोबत सुमारे चार हजार स्वार. मोगलांची कुमक येण्याआधी दूर निघून जायचे, म्हणजे गाड्यांचा तांडा उपयोगाचा नाही.

आता वजन करू. मोगली रुपया साधारण साडेअकरा ग्रॅमचा. लुटीचा आकडा एक कोटी असा वारंवार सांगतात. तो सगळा रुपयांत धरला तर ११५ टन भरतो. घोड्यावर शंभर किलो लादले तरी, स्वार न बसवता, साडेअकराशे घोडे लागतील. तीच रक्कम मोहरांत घ्या. मोहर अकरा ग्रॅमची, मोल पंधरा रुपयांच्या आसपास. साडेसात टनांच्या आत हिशेब बसतो आणि पाऊणशे घोडे पुरतात. मोत्यांचे तर विचारूच नका. लोंकागच्छाचे जैन श्रावक, नगरातले सर्वांत मोठे सावकार वीरजी व्होरा यांच्या घरून अठ्ठावीस शेर मोती गेल्याचे सांगतात. ते एका घोड्याच्याही पाठीला जड झाले नसतील. (थोड्या मात्रेत मोठा गुण, हे आम्हा होमिओपॅथांना पटवावे लागत नाही!)

म्हणून सभासद बखरीत जे येते ते सयुक्तिक वाटते: सोने, रुपे, मोती, हिरे घेतले, कापड आणि तांब्याची भांडी सोडली. वाड्यांच्या जमिनी खणल्या गेल्या, पण वखारीतले गठ्ठे कोणी उचलले नाहीत. त्यामागे दया शोधण्यापेक्षा तराजू पाहावा. दयेचे उदाहरण वेगळे आहे. फ्रेंच प्रवासी बर्निए, जो स्वतः वैद्य होता, लिहितो की डचांच्या दिवंगत दलालाचे घर त्याच्या दानधर्माच्या लौकिकामुळे वाचले.

हिशेबाची दुसरी बाजू मात्र आपल्या मराठी व्याख्यानांत क्वचित येते. शहराला आग लावली गेली. इंग्रज वखारीचा पाद्री एस्कॅलिअट याने नॉर्विचच्या डॉक्टर टॉमस ब्राउनला पाठवलेल्या पत्रात तिचे वर्णन आहे. गरिबांची घरे बांबू-मातीची, वर गवती छप्पर. ज्यांच्याकडे घोड्यावर लादण्याजोगे काहीच नव्हते त्यांची घरे सर्वांत आधी पेटली, आणि वजनामुळे मागे राहिलेला मालही जिथे आग पोचली तिथे जळाला. वीरजी व्होरांचा व्यापार पुढे पुन्हा उभा राहिला. बादशहाने व्यापाऱ्यांना वर्षभराची जकात माफ केली. बांबूच्या घरातला माणूस जकात भरतच नव्हता.