भरती, पाऊस आणि मुंबईचा निचरा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई पाण्याखाली गेली. पाऊस विक्रमी होता. परंतु शहराच्या रचनेतील दोषही त्याने उघड केला. मुंबईचा बराच भाग भराव घालून उभा राहिला आहे. तेथील अनेक पर्जन्यजलवाहिन्यांची मुखे भरतीच्या पातळीखाली जातात. त्या वेळी समुद्र आत शिरू नये म्हणून दारे बंद करावी लागतात आणि पावसाचे पाणी शहरातच तुंबते. समुद्रपातळी वाढेल तसा निचऱ्याला मिळणारा अवधीही घटत जाईल.

जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पात ही क्षमता दुप्पट करण्याचे ठरले. हाजी अली, इर्ला आदी ठिकाणी उदंचन केंद्रे उभी राहिली. हिंदमाता परिसरासाठी भूमिगत टाक्याही बांधण्यात आल्या. तथापि, पंपांनाही मर्यादा असतात. म्हणूनच लाटांचा जोर मोडणारी तिवरांची वने, पाणी सामावून घेणारी मिठागरे आणि मिठी नदीचे पात्र मोकळे राखणे तितकेच निकडीचे आहे. या सखल जागांवर इमारती उभ्या राहिल्यास तेथे साठणारे पाणी शेजारच्या वस्त्यांत शिरेल.