सुरीआधी सुई

बाळाच्या मानेवरची मऊ, पाणीदार गाठ बहुधा कर्करोग नसते. लसिकावाहिन्यांची घडण जन्माआधीच चुकल्याने तिथे द्रव साचलेला असतो. ती कापताना चेहऱ्याच्या नसांना धोका असतो आणि थोडा भाग राहिला तरी ती पुन्हा वाढू शकते. म्हणून मोठ्या पोकळ्यांच्या गाठीत आधी सुईचा विचार व्हावा. सोनोग्राफीत पाहून द्रव काढतात, ब्लिओमायसिनसारखे औषध सोडतात. पोकळीच्या भिंती सुजून एकमेकींना चिकटतात. जपानच्या डॉ. ओगितांनी १९८७मध्ये ओके-४३२ या औषधाने असाच गुण दाखवला.

आक्षेप रास्त आहेत: बारीक पोकळ्यांत गुण कमी येतो, सुजेने श्वास अडू शकतो, ब्लिओमायसिनची मात्रा वाढल्यास फुप्फुसांना इजा होऊ शकते. पण यातून निघतो तो निवडीचा आणि देखरेखीचा आग्रह, सुईला नकार नव्हे. या देखरेखीसाठी मुळशीच्या दुर्गम वाडीतून पुण्याला पुन्हापुन्हा येणे जड जाते. म्हणून इंजेक्शन मोठ्या रुग्णालयात आणि पुढची तपासणी मुळशीतल्याच पौडला, अशी सोय हवी.