कान कापलेला दप्तरदार

लंडनच्या टॉवरचे नाव निघाले की आपल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे कैदखाना, कुऱ्हाड आणि शिरच्छेद झालेल्या राण्या उभ्या राहतात. परंतु त्याच कोटात इंग्लंडच्या राज्याचे जुने दप्तरही कित्येक शतके पडून होते, आणि राजसत्तेच्या पुनःस्थापनेनंतर त्या दप्तराच्या किल्ल्या ज्या बॅरिस्टराच्या हाती आल्या, त्याचे दोन्ही कान पूर्वी न्यायासनाच्याच हुकुमाने छाटले गेले होते.

विल्यम प्रिन १६०० साली बाथजवळच्या स्वेन्सविक येथे जन्मला, ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात शिकला आणि १६२८ मध्ये लिंकन्स इनमधून त्यास वकिलीची सनद मिळाली. पक्षकारांच्या तंट्यांपेक्षा धर्म आणि राज्य यांच्या वादांतच या कर्मठ प्युरिटनाचे मन अधिक रमे. साधे विधान करावयाचे तरी त्यास आधारांची रास रचल्यावाचून चैन पडत नसे. त्यामुळे त्याच्या पुस्तकांचे समास मजकुराहूनही जड होत, आणि कवी मिल्टनसारख्यानेही त्यांची थट्टा केली. हे ग्रंथ आज कोणी आवडीने वाचील, असे मला वाटत नाही.

१६३२ च्या अखेरीस त्याचा ‘हिस्ट्रिओमॅस्टिक्स’ हा नाट्यकलेची निंदा करणारा, हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ बाहेर पडला. त्याच्या सूचीत रंगभूमीवर येणाऱ्या स्त्रियांची संभावना ‘कुलटा’ या अर्थाच्या शब्दाने केलेली होती, आणि नेमकी त्याच सुमारास राणी हेन्रिएटा मारिया स्वतः दरबारातील नाटकात भूमिका करीत होती! ती नोंद राणीलाच उद्देशून आहे, असा आरोप झाला. १६३४ मध्ये ‘स्टार चेंबर’ न्यायालयाने ५,००० पौंड दंड, खोड्यात उभे करणे, कर्णच्छेद आणि जन्मठेप फर्मावली. लिंकन्स इनमधून नाव कमी झाले, ऑक्सफर्डची पदवीही गेली. सूचीकाराला एका नोंदीची एवढी किंमत क्वचितच मोजावी लागली असेल. तुरुंगातूनही बिशपांविरुद्धची लेखणी न थांबल्यामुळे १६३७ मध्ये कानांचे राहिलेले खुंटही गेले आणि गालांवर ‘एस. एल.’ ही ‘राजद्रोही निंदक’ या अर्थाची अक्षरे डागण्यात आली. त्यांचा अर्थ ‘आर्चबिशप लॉडचे व्रण’ असा लॅटिनमध्ये लावण्याइतका विनोद या शुष्क माणसाजवळ त्याही घटकेस शिल्लक होता.

१६४० मध्ये तो सुटला, लॉडवरील खटल्यात पुढे सरसावला, आणि राजाशी तडजोडीची बाजू घेतल्यामुळे १६४८ मध्ये सैन्याने त्यास पार्लमेंटबाहेर काढले. पुढे राजसत्ता उलथून आलेल्या प्रजासत्ताकानेही त्यास चौकशीवाचून सुमारे तीन वर्षे कैदेत ठेवले. ज्या राजाच्या अमदानीत कान गेले, त्याच्याच मुलाने, दुसऱ्या चार्ल्सने, अखेर त्यास वार्षिक ५०० पौंडांवर टॉवरमधील दप्तराचा रक्षक नेमले.

ही नेमणूक मोठी मार्मिक होती, असे मी म्हणेन; कारण जी आधारांची हाव त्याच्या ग्रंथांना मारक ठरली, तीच येथे कामास आली. ‘व्हाइट टॉवर’मधील प्रार्थनामंदिराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात शतकांचे कागद कोळिष्टके, धूळ आणि घाण यांखाली कुजत पडले होते. ते उपसण्यासाठी त्याने शिपाई आणि बायका लावल्या, पण ती माणसे लवकरच कंटाळून निघून गेली. जुने कारकून तर डोळे आणि प्रकृती बिघडेल या धास्तीने त्यांना हात लावीनात. तेव्हा साठी ओलांडलेला हा दप्तरदार आपल्या कारकुनासह स्वतःच झाडझूड करू लागला, आणि त्या उकिरड्यातून पार्लमेंटच्या निवडणुकांची जुनी, विस्मृत आज्ञापत्रे हाती आली, ती त्याने १६६२ मध्ये छापून प्रसिद्ध केली. या कष्टांचे वर्णन त्याने खुद्द राजापुढेच मांडले आहे. पुढे दप्तरातील उताऱ्यांचा एक प्रचंड ग्रंथ त्याने छापावयास घेतला, तर लंडनच्या १६६६ च्या आगीत त्याच्या पुष्कळ प्रती भस्मसात झाल्या. तरीही तिसरा खंड १६६८ मध्ये निघालाच.

त्याची अभ्यासाची रीत चरित्रलेखक जॉन ऑब्रीने टिपून ठेवली आहे: डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून पुढे लोंबणारी लांब टोपी, आणि दर तीन तासांनी नोकराने आणून ठेवलेला पाव व बिअरचा पेला. अशा रीतीने सुमारे २०० लहानमोठे ग्रंथ लिहून तो १६६९ च्या ऑक्टोबरात, ज्या लिंकन्स इनने एकदा त्याचे नाव खोडले होते तेथेच, निवर्तला. त्याची ग्रंथसंपदा सुमारे चाळीस खंडांत बांधून तेथील ग्रंथालयात ठेवलेली होती. आणि तिला सोबत म्हणून थेम्स नदीवरील नावाडी-कवी जॉन टेलर याची पद्ये भेट देण्याची तयारी एका नामांकित कायदेपंडिताने दाखविली होती, असे ऑक्सफर्डचा इतिहासकार अँथनी वुड सांगतो.