घरकुलाचा दर, रस्त्याचे अंतर

ग्रामीण घरकुलासाठी सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ वा दुर्गम भागात 1 लाख 30 हजार रुपये, हा दर 2016 साली प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात सुरू होताना ठरला. ऑगस्ट 2024मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी 2 कोटी घरांना मंजुरी दिली, खर्च 3 लाख 6 हजार कोटींवर गेला. दर मात्र तोच राहिला. संसदेत याविषयी बोलले जाते ते महागाईच्या अंगाने. ग्रामविकासविषयक स्थायी समितीने वाढीची शिफारस केली आहे आणि ती रास्तही आहे. परंतु खरी मेख दोन आकड्यांमधल्या फरकात आहे. दिल्लीच्या हिशेबी डोंगराची किंमत अवघी दहा हजार रुपये!

उत्तराखंडातील एखाद्या वरच्या वस्तीसाठी सिमेंट, सळई आणि वाळू रस्त्याच्या टोकापर्यंत ट्रकने येते. पुढची चढण खेचराच्या पाठीवरून. सप्टेंबर 2025मध्ये सिमेंटवरील जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. मूळ किंमत 300 रुपये धरल्यास पोत्यामागे 30 रुपये वाचले. खेचराच्या भाड्यापुढे ही बचत कितीशी टिकणार? महाराष्ट्राने 2025मध्ये घरकुलाला 50 हजारांची जोड आणि पाच ब्रास मोफत वाळू देऊ केली, हे स्वागतार्हच. पण नंदुरबारच्या पाड्यावर वाळू फुकट असली तरी ती दारापर्यंत न्यावी लागतेच.

आता रस्त्यांकडे पाहू. ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्यात 25 हजार वस्त्या आणि 62,500 किलोमीटर रस्ते आहेत. सप्टेंबर 2024मध्ये त्यासाठी 70,125 कोटी मंजूर झाले. दोन्ही योजना एकाच ग्रामविकास मंत्रालयाच्या, दोन्हींची मुदत 2028-29पर्यंत. तरीही घरकुलाची पात्रता कुटुंबावरून ठरते, तर रस्त्याची वस्तीच्या लोकसंख्येवरून, तीही 2011च्या जनगणनेतल्या. साहजिकच लहानशा पाड्यावरील कुटुंबाला घर मिळते, पाड्याला रस्ता नाही. ज्या वस्तीला रस्ता मिळणार आहे, तेथेही तो घरानंतर येऊ शकतो. कारण घर मंजुरीपासून 12 महिन्यांत पूर्ण करण्याची अट आहे.

रस्ता झाला म्हणजे गाडी आली, असेही नव्हे. महाराष्ट्राने 2023मध्ये महिलांना एसटीत निम्मे भाडे आणि कर्नाटकाने त्याच वर्षी मोफत प्रवास दिला. एसटीच न पोहोचणाऱ्या गावाला त्याचे काय? बिहारने 2018पासून पंचायतनिहाय छोट्या प्रवासी गाड्यांसाठी अनुदान देण्याचा मार्ग धरला, तो अधिक व्यवहार्य वाटतो.

मंजूर घरे आणि नियोजित रस्ते यांच्या याद्या एकत्र ठेवून रस्ता आधी येणाऱ्या वस्तीला घराची मुदत वाढवून देणे आणि जेथे रस्ता येणारच नाही तेथे वाहतुकीचा वेगळा भत्ता देणे, एवढे तरी मंत्रालयाला जमण्यासारखे आहे. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतील दुरुस्ती पुरते.