सांसेरची टेकडी, दिंडोरीची बाटली

जानेवारी ते एप्रिल या काळात कळंबोलीहून न्हावा-शेव्याकडे सरकणाऱ्या ट्रेलरच्या रांगेत शीतकंटेनर बरेच दिसतात. त्यांतल्या कित्येकांत नाशिकची द्राक्षं असतात, युरोपात खाण्यासाठी निघालेली. उलट दिशेचा व्यापार याहून फार जुना. घारापुरी बेटावर रोमन अँफोरांची, म्हणजे मद्य आणि तेल वाहून आणणाऱ्या निमुळत्या रांजणांची, खापरं सापडली आहेत. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रंथ भरुच बंदरात उतरणाऱ्या मालात वाइनचा उल्लेख करतो आणि त्यातही इटलीच्या वाइनला पसंती असल्याचं सांगतो. पिणारे इथे दोन हजार वर्षांपूर्वीही होते. वाइनसाठी द्राक्ष लावणारे मात्र परवापरवाचे.

पनवेलकराला डोंगरमाथा म्हटलं की किल्ला आठवतो, फार तर माथेरान. फ्रान्समध्ये डोंगरमाथ्यावर वाइनचं गाव असतं. पॅरिसच्या दक्षिणेला सुमारे दोनशे किलोमीटरवर, ल्वार नदीकाठचं सांसेर हे त्यातलं नामांकित. वर दाटीनं बसलेली घरं, जुन्या गढीचा उरलेला एकच मनोरा आणि उतारभर वेली. २०२१ मध्ये फ्रेंच टीव्हीच्या प्रेक्षकांनी या गावाला देशातलं सर्वांत आवडतं गाव म्हणून निवडलं. आपल्या किल्ल्यांसारखाच वेढ्याचा इतिहास सांसेरलाही आहे. १५७३ मध्ये कॅथलिक फौजांनी हे प्रोटेस्टंटांचं ठाणं कित्येक महिने कोंडून धरलं. आत चामडं शिजवून खायची पाळी आली. वेढ्यात सापडलेल्या झां द लेरी या धर्मोपदेशकानं ते सगळं लिहून ठेवलं आहे.

एवढं सगळं ज्या टेकडीवर घडलं तिची उंची जेमतेम ३१२ मीटर. आपला कर्नाळा तिच्यापेक्षा उंच आहे आणि नाशिकचं सपाट पठार तर जवळजवळ दुप्पट. उंचीत आपण कमी नाही. अडतं ते पावसापाशी. कर्नाळ्याच्या उतारावर द्राक्ष लावलं तर जुलैच्या आत वेल कुजेल. म्हणून कसारा घाट चढून पर्जन्यछायेत जावं लागतं.

तिथे वेलीचं वर्षच वेगळं. सांसेरची वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते, सप्टेंबरच्या सुमारास तोडणीला येते. नाशिकच्या वेलीला झोपवणारी थंडीच नाही. तेव्हा शेतकरी तिला दोनदा छाटतो. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, सप्टेंबर-ऑक्टोबरमधली गोडी छाटणी घड काढण्यासाठी. तिकडे तोडणी चालू असते तेव्हा इकडे कात्री चालते, आणि दिवाळीच्या आसपास बागायतदाराचा जीव अवकाळी पावसात आणि डाऊनी रोगाच्या धास्तीत अडकलेला असतो. भीती एकच सारखी, गारठ्याची. तिकडे एप्रिलच्या हिमरात्री कोवळे कोंब जाळतात म्हणून वेलींमध्ये आग पेटवतात. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा फार उतरला की बागेत शेकोट्या पेटतात, मणी तडकू नयेत म्हणून.

आपल्याकडच्या वाइनची सुरुवात नाशिकची नव्हे, नारायणगावची. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच कंपनीच्या तांत्रिक साहाय्यानं तिथे ‘ओमर खय्याम’ ही फसफसती वाइन काढली. पुढे राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून आले आणि १९९७ मध्ये गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर त्यांनी शेनँ ब्लाँ आणि सोविन्याँ ब्लाँ लावली. २००० मध्ये ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. सोविन्याँ ब्लाँ ही सांसेरचीच जात. गंमत अशी की तीही तिथली मुख्य जात ठरली ती आपत्तीनंतर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायलॉक्सेरा किडीनं मुळं फस्त केली. त्याआधी तिथे मुख्यतः लाल वाइनची द्राक्षं होती.

सांसेरनं त्यानंतर एक शहाणपणाची गोष्ट केली. १९३५ मध्ये फ्रान्सनं उगमस्थानाच्या नावाला कायद्याचं संरक्षण दिलं आणि १९३६ मध्ये सांसेरच्या पांढऱ्या वाइनला ते मिळालं. कुठल्या शिवारातलं, कुठल्या जातीचं, एकरी किती, सगळं बांधलेलं. बाटलीवर ठळक असतं ते गावाचं नाव, आणि ते एका कंपनीचं नसतं. आजूबाजूच्या चौदा गावांतल्या बागायतदारांचं ते सामाईक आहे. त्यांतली कितीतरी घरं स्वतःच पिकवतात आणि स्वतःच बाटलीत भरतात.

आपल्याकडे महाराष्ट्र सरकारनं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले, शेतकऱ्यांनी कंपन्यांशी करार करून बागा लावल्या. २००८नंतर मागणी घसरली, नारायणगावची कंपनीही डबघाईला आली आणि अनेकांनी बागा उपटल्या. बागा उपटण्याचं कारण फळातच आहे. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. खाण्याच्या थॉमसन द्राक्षाचा भाव पडला तर बेदाणा करता येतो. वाइनची शिराझ द्राक्षं कंपनीनं नाकारली तर ना बाजार समिती घेते, ना कोणी ताटात. अशा पिकात गावाचं नाव कोणाच्या हातात आहे, हा दिखाव्याचा प्रश्न राहत नाही. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे खरं, पण दुकानात गिऱ्हाईक मागतो तो ब्रँडच. ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’वर तालुक्याचं नाव झळकलं तेही एका कंपनीच्या मर्जीनं.

जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला तेव्हा त्याचं समर्थन शेतकऱ्याच्या नावानं झालं, विरोध संस्कृतीच्या नावानं. अण्णा हजारे उपोषणाच्या तयारीत होते. निर्णय अमलात आला नाही. दोन्ही बाजूंच्या भाषणांत करार कसे लिहिले जातात, हा विषय फारसा आलाच नाही. माझ्या मते तोच मुख्य होता, कारण नाशिकच्या एकूण द्राक्षात वाइनच्या द्राक्षाचा वाटा लहान आहे आणि तो पिकवणारा सौद्यात एकटा पडतो.

पनवेलहून जायचं तर फेब्रुवारीत जावं. गंगापूरला पर्यटक पिंपात द्राक्षं तुडवताना दिसतील. ते पाहून थांबू नये. पुढे दिंडोरीच्या बांधांवर जावं आणि बागायतदाराला वाइनच्या चवीबद्दल विचारण्याऐवजी यंदाच्या करारातला किलोचा दर विचारावा.