हलक्या हाताची रुजवात

जावास्क्रिप्ट ही वेबपानावर चार अलंकार चढविण्यापुरतीच भाषा आहे, तिच्या कोडची निराळी तपासणी ती काय करावयाची, अशी समजूत ज्या काळी जाणत्या प्रोग्रामरांतही रूढ होती, त्या काळी क्यूयुनिट या टेस्टिंगच्या साधनाचा जन्म झाला. आणि तोही स्वतंत्र लायब्ररी म्हणून नव्हे, तर दुसऱ्या एका लायब्ररीच्या पदरी असलेला तपासनीस म्हणून. जॉन रेसिग यांनी २००६ साली जेक्वेरी लोकांपुढे ठेवली, तेव्हा इंटरनेट एक्सप्लोरर, फायरफॉक्स, सफारी आणि ऑपेरा हे एकाच ओळीचा आपापल्या मगदुराप्रमाणे अर्थ लावीत असत, आणि एका ब्राउझरसाठी केलेल्या दुरुस्तीने दुसऱ्यात काही मोडले तर नाही ना, याचा निर्वाळा देणारे कोणीतरी घरातच असल्यावाचून त्या लायब्ररीचे पाऊल पुढे पडणे शक्य नव्हते.

युनिट टेस्टिंगची, म्हणजे कोडचा एकेक तुकडा सुटा तपासण्याची, परंपरा अर्थातच याहून जुनी. केंट बेक यांनी १९९४च्या सुमारास स्मॉलटॉकसाठी तिचा साचा घडविला, आणि १९९७मध्ये एरिक गामा यांच्यासह विमानप्रवासात बसल्या बसल्या जावासाठी जेयुनिटचा आरंभ केला. हे घराणे मुळात प्रवासाच्या पिशवीत मावेल इतके हलके होते, याचा विसर पडून पुढे अनेकांनी त्याभोवती अवजड सरंजाम उभे केले. क्यूयुनिटने तो हलकेपणा राखला. मे २००८मध्ये त्याला स्वतःचे नाव आणि स्वतंत्र बिऱ्हाड मिळाले, तरी जेक्वेरीचा आधार सुटला नव्हता; २००९च्या पुनर्लेखनानंतर तोही सुटला, आणि जावास्क्रिप्टची एक फाइल, सीएसएसची एक फाइल व एक साधे एचटीएमएल पान एवढ्या सामग्रीवर कोणालाही आपल्या कोडची रुजवात घालता येऊ लागली.

रुजवात हा दप्तरी शब्द मी जाणूनबुजून योजला आहे. फंक्शनने दिलेले उत्तर एका बाजूस, अपेक्षित उत्तर दुसऱ्या बाजूस, आणि दोन्ही रकमा जुळतात की नाही एवढाच सवाल. पान उघडावे, क्षणभरात माथ्यावरची पट्टी हिरवी व्हावी किंवा लाल, आणि लाल झालीच तर अपेक्षा काय होती व हाती काय आले हे खाली मांडून दिलेले दिसावे. आदल्या खेपेस फेल झालेल्या टेस्ट पुढच्या खेपेस सर्वांआधी चालविण्याची त्याची रीत मला थकबाकीदाराचे खाते प्रथम उघडणाऱ्या मुरब्बी कारकुनाची आठवण करून देई. आणि नमुन्याचे एचटीएमएल ठेवण्यासाठी मुक्रर केलेला तो 'क्यूयुनिट-फिक्स्चर' नावाचा कोपरा! पडद्यापासून दहा हजार पिक्सेल दूर, दृष्टीआड, आणि प्रत्येक टेस्टनंतर पूर्ववत केला जाणारा. एकीचे खरकटे दुसरीच्या पानात पडू नये म्हणून एवढा सोवळेपणा.

तथापि मला सर्वांत मोलाची वाटत आली ती पानावरची एक क्षुल्लक दिसणारी चौकट, जिच्यावर टिक केली की प्रत्येक टेस्टच्या आधी व नंतर ग्लोबल, म्हणजे साऱ्या कोडला सामायिक असलेल्या, नावांची मोजदाद होत असे. आमच्या एका प्रकल्पातले तारीख निवडण्याचे कॅलेंडर पहिला आठवडा दाखवून महिनाच आटोपते घेई, आणि दोन दिवस कोड न्याहाळूनही आम्हा तिघांना बग सापडेना. आठवडे मांडणारे फंक्शन निराळे तपासले की पास, दिवस मांडणारेही पास, आणि दोन्ही एकत्र आली की गडबड. त्या चौकटीवर टिक करताच पट्टी लाल झाली आणि तिच्याखाली एकच अक्षर उभे राहिले: 'आय'. दोन्ही लूपमध्ये नाव त्या-त्या फंक्शनपुरते ठेवणारा 'व्हार' लिहावयाचे कोणीतरी विसरला होता (तो कोणीतरी मीच), त्यामुळे आतले फंक्शन सातपर्यंत मोजून मोकळे होई आणि बाहेरच्यास वाटे की आपले सारे आठवडे संपले.

गंमत अशी, की इतरांची अतिक्रमणे पकडणारा हा तपासनीस स्वतः त्याच सामायिक अंगणात ऐसपैस पथारी पसरून बसला होता. 'टेस्ट', 'मॉड्यूल', 'ओके', 'ईक्वल', 'स्टार्ट', 'स्टॉप' ही कोणालाही लागणारी नावे त्याने ग्लोबल म्हणून बळकावली होती, आणि मोजदाद टेस्ट सुरू होण्याच्या क्षणापासून होत असल्याने आधीच ठाण मांडलेली ही नावे तीत कधी सापडत नसत. २०१६मध्ये दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा ही सारी नावे त्याने सोडून दिली, 'क्यूयुनिट' हे एकच राखले, आणि तपासणीची साधने 'असर्ट' या ऑब्जेक्टमार्फत प्रत्येक टेस्टच्या स्वाधीन केली. त्यापायी जुन्या टेस्ट पुन्हा लिहाव्या लागल्या आणि पुष्कळांनी कुरकुर केली. मला मात्र क्यूयुनिटच्या साऱ्या वाटचालीत याहून प्रामाणिक निर्णय दिसत नाही.

एव्हाना जमाना पालटला होता. टेस्टिंगच्या नव्या लायब्रऱ्या येऊ लागल्या: जास्मिन २०१०मध्ये आली, मोका २०११मध्ये, आणि २०१४मध्ये फेसबुकने जेस्ट खुली केली, जिच्याकडे पुढे बहुतेकांचा ओढा राहिला. क्यूयुनिटलाही २०१७मध्ये कमांड-लाइन लाभली, म्हणजे ब्राउझर उघडण्याची सक्ती उरली नाही. आणि २०२२मध्ये ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालविणाऱ्या नोडच्या अठराव्या आवृत्तीने टेस्ट चालविण्याची सोय आपल्या पोटातच घेतली, तेव्हा बाहेरून आणावयाची एक फाइलही काहींना जड वाटू लागली. एम्बर हे फ्रेमवर्क वापरणारी मंडळी अद्याप क्यूयुनिटशी एकनिष्ठ आहेत. मीही आहे, पण हाताची सवय जात नाही: टेस्टच्या आत नकळत नुसते 'ओके' लिहून जातो, आणि या नावाचे येथे कोणी नाही, असे ते पान लाल होऊन मला कळविते.