परदेशी किताब आणि कलम १८

संविधानाचे कलम १७ आपल्या चळवळीत शाळकरी पोरांनाही पाठ असते. त्याला खेटून असलेले कलम १८ मात्र वकिलांनाही चटकन आठवत नाही. कलम १७ ने जन्माच्या नावावर माणसाला खाली दाबणे बंद केले, कलम १८ ने किताबाच्या नावावर इतरांच्या डोक्यावर चढून बसणे बंद केले. समतेच्या हक्काच्या एकाच प्रकरणात ही दोन कलमे शेजारी शेजारी आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे.

इंग्रज सरकार रावसाहेब, रावबहादूर, दिवाणबहादूर अशा किताबांची खिरापत वाटत असे आणि त्या बदल्यात निष्ठा विकत घेत असे. अस्पृश्य समाजातल्या पुढाऱ्यांनाही हे किताब मिळाले. मद्रासचे एम. सी. राजा रावबहादूर होते. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांच्या बरोबर बसलेले आर. श्रीनिवासन हेही किताबधारी होते. त्यांच्या कामाचे मोल त्यामुळे कमी होत नाही, परंतु किताब देणारा हात सरकारचाच होता. बाबासाहेबांच्या नावापुढची अक्षरे कोलंबिया विद्यापीठात आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रात्रीचा दिवस करून मिळवलेली होती.

आता कलमाचा मजकूर पाहू. सैनिकी किंवा विद्याविषयक मानविशेष सोडल्यास राज्य कोणताही किताब देणार नाही, हा पहिला खंड. भारताचा कोणताही नागरिक परकीय राज्याकडून किताब स्वीकारणार नाही, हा दुसरा. तिसरा खंड सरकारी पदावर असलेल्या परकीय नागरिकांसाठी आहे, त्याने आपल्याला फारसे अडायचे कारण नाही. खरी गोम चौथ्या खंडात आहे. राज्याच्या नियंत्रणाखाली लाभाचे किंवा विश्वासाचे पद धारण करणाऱ्या कोणालाही राष्ट्रपतींच्या संमतीवाचून परकीय राज्याकडून भेट, वित्तलब्धी किंवा पद घेता येत नाही.

मग मोरारजी देसाईंनी १९९० साली ‘निशान-ए-पाकिस्तान’ कसा घेतला? दिलीपकुमार यांना १९९८ साली ‘निशान-ए-इम्तियाज’ कसा चालला? कारगिलच्या वेळी, १९९९ साली, शिवसेनेने तो परत करा म्हणून मुंबईत केवढा गदारोळ केला होता! त्या गदारोळात कलम १८ कोणी उघडून पाहिले होते की नाही, याची मला दाट शंका आहे. (मोरारजींची गंमत वेगळीच. १९७७ साली त्यांच्याच सरकारने भारतरत्न आणि पद्म पुरस्कार बंद केले होते. पुढे १९९१ साली ते स्वतः भारतरत्न झाले.)

याचे कायदेशीर उत्तर ‘किताब’ या शब्दात आहे. बालाजी राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १९९५ साली निकाल दिला, की भारतरत्न आणि पद्म पुरस्कार हे किताब नव्हेत. महाराजा, रावबहादूर, दिवाणबहादूर यांसारख्या सरंजामी उपाध्यांना संविधानाची मनाई आहे, गुणवत्तेच्या सन्मानाला नाही. मात्र हे पुरस्कार नावाच्या मागे किंवा पुढे जोडता येणार नाहीत आणि जो जोडेल त्याचा पुरस्कार काढून घेता येईल, असेही न्यायालयाने बजावले. हा निकाल देशी पुरस्कारांचा होता, पण तोच तर्क परदेशी पदकाला लागू होतो. पदक छातीवर लावा, पण त्याची उपाधी करून नावाला चिकटवू नका. रतन टाटांना ब्रिटनने २००९ आणि २०१४ साली सन्मान दिले ते मानद स्वरूपाचे होते, म्हणून ते ‘सर रतन टाटा’ झाले नाहीत. ब्रिटनचा राजा ज्यांचा राष्ट्रप्रमुख नाही, अशा देशांच्या नागरिकांना तिथली प्रथाच ‘सर’ लावू देत नाही.

लष्करात शिस्त अधिक कडक आहे. परदेशी पदक गणवेशावर लावायचे तर सरकारची परवानगी लागते आणि त्याची जागा भारतीय पदकांच्या नंतर. साताऱ्या-रत्नागिरीकडे ज्या घरांत महायुद्धातल्या आजोबा-पणजोबांची पदके पेटीत जपून ठेवली आहेत, त्यांनी मात्र कलम १८ ची धास्ती घेऊ नये. ती सैनिकी पदके आहेत आणि संविधानाच्या आधीची आहेत.

आता मुद्द्याची गोष्ट. हे कलम मोडले तर शिक्षा काय? काहीच नाही! डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हाच प्रश्न आला, तेव्हा बाबासाहेबांनी सांगितले की किताब न स्वीकारणे हा हक्क नसून नागरिकत्वाची अट आहे, ती मोडणाऱ्याचे काय करायचे याचा कायदा संसद करू शकते आणि नागरिकत्व गमावणे हीसुद्धा त्यातली एक शिक्षा असू शकते. १९५५ साली संसदेने नागरिकत्वाचा कायदा केला, त्यात याबद्दल अवाक्षर नाही. त्याच साली कलम १७ साठी अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम आला. त्याची अंमलबजावणी कशी झाली हे आपण भोगले आहे, पण निदान कायदा तरी झाला. कलम १८ च्या वाट्याला तेवढेही आले नाही.

आणि चौथ्या खंडातली राष्ट्रपतींची संमती? विद्यमान पंतप्रधान नरेंद्र मोदी यांना सौदी अरेबियाने २०१६ साली, संयुक्त अरब अमिरातीने २०१९ साली, फ्रान्सने २०२३ साली आपापले मोठे सन्मान दिले. रशियाचा सन्मान त्यांनी २०२४ साली मॉस्कोत स्वीकारला. मनमोहन सिंग यांना जपानने २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये सन्मान जाहीर केला, तेव्हा ते पदावर नव्हते, त्यामुळे त्यांची गोष्ट निराळी. पदावरच्या पंतप्रधानांचे पद विश्वासाचे आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परकीय राज्याने दिलेले सोन्याचांदीचे, हिऱ्यामाणकांचे मानचिन्ह ही ‘भेट’ नव्हे काय? ती भेट असेल तर संमती हवी. पण राष्ट्रपती कलम ७४ प्रमाणे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात आणि त्या मंत्रिमंडळाचे प्रमुख पंतप्रधानच असतात. म्हणजे घेणाराही तोच आणि घ्यायला परवानगी द्या असा सल्ला देणाराही तोच! हा प्रश्न एका पक्षाचा नाही. उद्या आपल्या विचारांचा पंतप्रधान झाला तरी तो असाच उभा राहील. अमेरिकेच्या संविधानात अशी संमती तिथली काँग्रेस देते, म्हणजे बाब निदान लोकप्रतिनिधींच्या सभागृहाच्या हाती राहते.

आपल्याकडे संमतीचा कागद तरी लोकांपुढे यावा, यासाठी संविधान दुरुस्ती लागत नाही. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. त्याच्या कलम ४ खाली सरकारने ही यादी मागणीची वाट न पाहता प्रसिद्ध करायला हवी. कोणत्या सन्मानासाठी, कोणत्या तारखेला, कोणाच्या शिफारशीवरून राष्ट्रपतींनी संमती दिली, एवढे तीन रकाने पुरेत. सरकार ते करीत नसेल तर अर्जाची फी दहा रुपये आहे आणि अर्ज मराठीत लिहायचा असेल तर मसुदा मी करून देईन.